वक्तृत्वमीमांसेपासून रुग्णसंवादापर्यंत : अमेरिकन संज्ञापन-संशोधनाच्या एका वळणाचा इतिहास

अमेरिकेतील विद्यापीठांत संज्ञापन या विषयात पीएच.डी. करणाऱ्या अभ्यासकांच्या लेखनाचा क्रम पाहिला, तर एक वाटचाल पुन्हा पुन्हा आढळते. आरंभी अ‍ॅरिस्टॉटल, सिसेरो, केनेथ बर्क यांचे वाचन असते आणि वक्तृत्वाच्या सिद्धान्तावरील लेखन असते. काही वर्षांनी तोच अभ्यासक डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील बोलण्याची ध्वनिमुद्रणे ऐकत बसलेला दिसतो. साहित्याच्या अभ्यासकाला हे वळण मूळ विद्येपासून ढळल्यासारखे वाटते, तर वैद्यकातील मंडळींना त्यात सौजन्याच्या धड्यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. हे दोन्ही ग्रह तपासून पाहण्याजोगे आहेत. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे, की हे विषयांतर नव्हे. १९२५ साली वक्तृत्वाची समीक्षा साहित्यसमीक्षेपासून ज्या निकषावर वेगळी काढण्यात आली, तो 'परिणाम' हा निकष रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचल्यावर तोकडा पडला, आणि तो तोकडा पडला म्हणूनच साहित्याच्या वाचनपद्धतीला या विद्येत परत येता आले.

प्रथम संज्ञेविषयी. 'रेटरिक' या शब्दाला मराठीत कधी अलंकारशास्त्र तर कधी वक्तृत्वशास्त्र असा प्रतिशब्द योजला जातो. अलंकारशास्त्र म्हटले की भामह-दंडी आठवतात आणि काव्यशोभेचा विचार सुरू होतो. वक्तृत्व म्हटले की शाळेतील स्पर्धा आणि करंडक. ग्रीक परंपरेतील विचार या दोहोंत मावत नाही. विशिष्ट प्रसंगी, विशिष्ट श्रोत्यांसमोर, काहीएक निर्णय व्हावयाचा असताना उक्ती कशी घडते आणि काय घडवते, याची ती मीमांसा आहे. म्हणून येथे 'वक्तृत्वमीमांसा' हा शब्द वापरला आहे. तोही पुरता समाधानकारक नाही, कारण त्यात बोलणारा पुढे येतो आणि ऐकणारा मागे राहतो. हा दोष केवळ अनुवादाचा नसून मूळ विद्येतही तो होताच, हे पुढे दिसेल.

या विद्येच्या जन्मकथेतच वैद्य उपस्थित आहे. प्लेटोच्या 'गॉर्जिअस' या संवादात वक्तृत्वाचा हा विख्यात शिक्षक आपल्या कलेचे सामर्थ्य सांगताना उदाहरण देतो ते राजसभेचे नव्हे, आजाऱ्याच्या घरातले. त्याचा भाऊ हेरोडिकस वैद्य होता. औषध घेण्यास, शस्त्र लावून घेण्यास किंवा डागून घेण्यास तयार नसलेल्या रुग्णांकडे आपण भावासोबत जात असू आणि वैद्याला जे पटवता आले नाही ते केवळ वाणीच्या बळावर पटवत असू, असे तो सांगतो. सॉक्रेटिस या फुशारकीचा समाचार घेतो तोही वैद्यकाच्याच आधाराने. वैद्यकाच्या जागी पाककला जशी रुचकर पदार्थ पुढे करते, तसे न्यायाच्या जागी वक्तृत्व गोड बोलणे पुढे करते, असे त्याचे म्हणणे. 'फीड्रस'मध्ये मात्र प्लेटोचा सूर पालटतो. वैद्याने शरीराचा स्वभाव जाणावा तसा वक्त्याने आत्म्याचा स्वभाव जाणावा, अशी दोन्ही कलांची पद्धत तेथे एकच ठरते. वैद्याचा मुलगा असलेल्या अ‍ॅरिस्टॉटलने तर वक्तृत्वाचे कार्य स्पष्ट करण्यासाठी थेट वैद्यकाचाच दाखला दिला. वैद्यकाचे काम रोग्याला हमखास बरे करणे हे नाही. ज्याला पूर्ण आरोग्य मिळणे शक्य नाही त्याच्यावरही उत्तम उपचार करता येतात. तसेच वक्तृत्वाचे काम श्रोत्याला जिंकणे नव्हे, तर प्रत्येक प्रसंगी पटवण्याची कोणती साधने उपलब्ध आहेत ते पाहणे होय. या एका तुलनेत 'परिणाम' आणि 'कला' यांची जी फारकत सुचवली आहे, ती विसाव्या शतकातील अमेरिकन अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घेतली असती तर पुढचा बराच वाद टळला असता, असे मला वाटते.

प्लेटोच्या 'लॉज' या उत्तरकालीन ग्रंथातील एक उतारा आपल्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचा आहे. त्यात दोन प्रकारच्या वैद्यांचे वर्णन येते. गुलामांवर उपचार करणारा, बहुधा स्वतःही गुलामच असलेला वैद्य रोग्याला काही विचारत नाही आणि काही सांगत नाही. हुकूम सोडतो आणि पुढच्या रोग्याकडे धावतो. स्वतंत्र नागरिकांचा वैद्य मात्र रोग्याशी आणि त्याच्या आप्तांशी बोलतो, रोग्याकडून स्वतः काही शिकतो, त्याला काही शिकवतो, आणि त्याचे मन वळल्याखेरीज औषध देत नाही. गॉर्जिअसच्या कथेतील रुग्ण केवळ श्रोता आहे आणि त्याचा नकार हा मोडून काढावयाचा अडथळा आहे. 'लॉज'मधील रुग्णापाशी वैद्याला शिकण्यासारखे काही आहे. ग्रीक परंपरेने ही दोन चित्रे शेजारी ठेवली खरी, पण वक्तृत्वमीमांसेची पाठ्यपुस्तके पहिल्याच चित्रावर पोसली गेली. शब्दाच्या उपचारशक्तीविषयी ग्रीकांनी काय विचार केला होता याचा स्वतंत्र ग्रंथ झाला तो १९५८ साली, स्पेनमधील वैद्यक-इतिहासकार पेद्रो लाइन एन्त्राल्गो यांच्या हातून. त्याचे इंग्रजी भाषांतर १९७० साली निघाले.

अमेरिकेतील विद्यापीठीय इतिहास याहून पुष्कळ अर्वाचीन. १९१४च्या नोव्हेंबरात शिकागो येथे सतरा अध्यापकांनी इंग्रजीच्या अध्यापकांच्या राष्ट्रीय परिषदेतून बाहेर पडून सार्वजनिक वक्तृत्वाच्या अध्यापकांची स्वतंत्र संघटना काढली. इंग्रजी विभागांत लिखित साहित्याची प्रतिष्ठा होती, बोलणे शिकवणारा मात्र दुय्यम गणला जाई. या उपेक्षेतून एक नवी विद्याशाखा जन्मली. (पुढे या संघटनेचे नाव वारंवार बदलत गेले आणि १९९७ साली ते 'राष्ट्रीय संज्ञापन संघटना' असे झाले. नामांतरांचा हा इतिहास म्हणजे विषयाच्या अस्थिरतेचा इतिहासच होय.) स्वतंत्र झालेल्या शाखेला संशोधन हवे होते, पण कोणत्या प्रकारचे? कॉर्नेल विद्यापीठातील मंडळी ग्रंथनिष्ठ होती. तेथे १९२०च्या सुमारास अलेक्झांडर ड्रमंड आणि एव्हरेट हंट यांनी अ‍ॅरिस्टॉटल, सिसेरो आणि क्विन्टिलियन यांच्या वाचनाचे चर्चासत्र सुरू केले. मध्य-पश्चिमेकडील विद्यापीठांत चार्ल्स वूलबर्ट यांच्यासारख्यांचा ओढा मानसशास्त्राकडे आणि प्रयोगाकडे होता.

येथे एक बाब आवर्जून नोंदवली पाहिजे. 'स्पीच' या विषयातील अमेरिकेतील पहिली पीएच.डी. विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९२२ साली सारा स्टिंचफील्ड यांना दिली असे मानले जाते, आणि त्यांचे काम होते वाचेच्या चाचण्यांविषयी. वाचादोष, तोतरेपणा, उच्चारातील अडथळे हे त्यांचे पुढील आयुष्याचेही क्षेत्र राहिले. म्हणजे या शाखेतील संशोधनाचा पहिला मान्यताप्राप्त विषय ज्याला बोलता येत नाही असा माणूस होता, सभा गाजवणारा वक्ता नव्हे. १९२५ साली वाचादोषतज्ज्ञांनी आपली वेगळी संस्था स्थापन केली आणि कालांतराने ती शाखा पुष्कळ ठिकाणी निराळी झाली. वक्तृत्वाचे इतिहासकार या आरंभाची नोंद घेऊन लगेच पुढे सरकतात. मला तो आरंभ सूचक वाटतो.

त्याच १९२५ साली हर्बर्ट विचेल्न्स यांचा वक्तृत्वाच्या साहित्यिक समीक्षेवरील निबंध प्रसिद्ध झाला. पुढील चाळीस वर्षे अमेरिकेतील शेकडो प्रबंधांचा तो आराखडा ठरला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: साहित्यसमीक्षा कृतीतील चिरंतनतेचा आणि सौंदर्याचा शोध घेते, वक्तृत्वाच्या समीक्षेला त्याच्याशी कर्तव्य नाही. भाषण म्हणजे विशिष्ट श्रोतृसमूहाशी झालेला व्यवहार, आणि त्या व्यवहाराचा परिणाम हा तिचा विषय. या भूमिकेने इंग्रजी विभागाच्या सावलीतून बाहेर पडलेल्या शाखेला स्वतःची भूमी दिली. तिची किंमतही मोजावी लागली. वक्त्याचे चरित्र, श्रोत्यांचे वर्णन, युक्तिवाद, भावना, शैली आणि अखेरीस परिणाम अशा ठरावीक खणांत भाषणे भरण्याचा परिपाठ पडला. १९६५ साली एड्विन ब्लॅक यांनी या परिपाठावर कठोर टीका केली, आणि तिला फारसे समर्थ उत्तर मिळाले नाही.

'परिणाम' हा निकष मात्र तोवर दुसऱ्या घरी रुजला होता. युद्धकाळात आणि त्यानंतर येल विद्यापीठात कार्ल हॉवलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतपरिवर्तनावर प्रयोग केले. त्यांचा ग्रंथ १९५३ साली आला. वक्त्याची विश्वसनीयता, संदेशातील भीतीचे प्रमाण, श्रोत्याची मनोवृत्ती हे त्यांचे घटक पाहिले, तर अ‍ॅरिस्टॉटलच्या एथोस, पॅथोस, लोगोस या त्रयीची ही प्रयोगशाळेतील भावंडेच म्हणावीत. मानसोपचाराच्या बाजूने युर्गेन रुश आणि ग्रेगरी बेटसन यांनी १९५१ साली मनोविकृतीकडे संज्ञापनाच्या दृष्टीने पाहणारा ग्रंथ लिहिला. १९७२ साली आंतरराष्ट्रीय संज्ञापन संघटनेत 'उपचारात्मक संज्ञापन' हा गट स्थापन झाला आणि १९७५ साली त्याचे नाव 'आरोग्य-संज्ञापन' झाले. १९८९ पासून या विषयाला स्वतंत्र संशोधनपत्रिकाही मिळाली. एका पिढीत पीएच.डी.चे नवे क्षेत्र उभे राहिले.

या क्षेत्राचा आरंभीचा प्रश्न अगदी गॉर्जिअसचाच होता: सांगितलेले औषध रोगी घेत का नाही? १९७६ साली डेव्हिड सॅकेट आणि ब्रायन हेन्स यांनी 'कम्प्लायन्स' या विषयावर संपादित केलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ती संज्ञा रूढ झाली. मराठीत तिचा सरळ अर्थ आज्ञापालन. सॅकेट-हेन्स हे वैद्यकातील संशोधक होते, विचेल्न्सशी त्यांचा काही संबंध नव्हता. परंतु संज्ञापनाच्या विभागांनी त्यांची संज्ञा इतक्या सहजपणे उचलली याचे कारण, माझ्या मते, परिणामाच्या मापाने उक्ती तोलण्याची सवय तेथे अर्धशतकाची जुनी होती. डॉक्टर हा वक्ता, रुग्ण हा श्रोता, गोळ्या घेणे हा परिणाम. १९९७ साली ब्रिटनमध्ये औषधनिर्मात्यांच्या राजमान्य संस्थेच्या अहवालाने आज्ञापालनाऐवजी सहमतीचा पुरस्कार केला, तोवर ही मांडणी बहुतांशी टिकून होती.

तिला तडा गेला तो मोजणाऱ्यांच्याच हातून, ही गोष्ट मोठी लक्षणीय आहे. बार्बरा कोर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयातील ८०० भेटींचा अभ्यास करून १९६८ साली डॉक्टर आणि मुलांच्या माता यांच्यातील संवादाच्या त्रुटी दाखवल्या. १९८४ साली हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी ७४ भेटी तपासल्या. डॉक्टरांनी 'काय होतंय' असे विचारल्यानंतर रुग्णाने बोलण्यास आरंभ करावा आणि सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच तोडले जावे, असे दृश्य निघाले. आपले आरंभीचे निवेदन पूर्ण करू शकलेले रुग्ण केवळ १७ होते. हा आकडा पुढे इतका गाजला की वृत्तपत्रांनी त्याची म्हण करून टाकली. मला मात्र त्याहून अर्थपूर्ण वाटतो तो डेब्रा रोटर यांचा १९७७ सालचा अभ्यास. रुग्णांनी डॉक्टरांना प्रश्न विचारावेत म्हणून त्यांनी भेटीपूर्वी रुग्णांची तयारी करून घेतली. रुग्णांनी खरोखरच अधिक प्रश्न विचारले. पुढील भेटींना ते अधिक नियमितपणे आलेही. पण त्या संवादात चिंता आणि राग यांची छटा वाढली आणि रुग्णांचे समाधान घटले. आता याला यशस्वी परिणाम म्हणावे की अयशस्वी? वेळेवर येणे हा निकष धरला तर यशस्वी, समाधान हा धरला तर अयशस्वी. रुग्ण बोलू लागताच परिणामाची तागडी डळमळते, कारण आता वक्ते दोन झालेले असतात आणि हेतूही दोन.

दोन वक्ते म्हटल्यावर ग्रंथवाचनाची सवय असलेल्यांचे काम सुरू होते. एलियट मिश्लर हे सामाजिक मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९८४ सालच्या ग्रंथात मुलाखतींचे उतारे जवळजवळ काव्यपंक्तींसारखे मांडून त्यांत दोन स्वर वेगळे केले: एक वैद्यकाचा, दुसरा जगण्याचा. रुग्ण दारूविषयी, झोपेविषयी, संसाराविषयी काही सांगू लागतो आणि डॉक्टरचा पुढचा प्रश्न त्या वाक्यातून केवळ 'किती' आणि 'केव्हापासून' एवढेच उचलतो. वक्तृत्वमीमांसेच्या बाजूने बार्बरा शार्फ यांचे लेखन येथे उदाहरणादाखल घेता येईल. १९७८ साली त्यांनी लहान गटांत नेतृत्व कसे उदयाला येते याचे वक्तृत्वदृष्ट्या विश्लेषण केले होते. १९९० साली त्यांनीच डॉक्टर-रुग्ण संवाद हा व्यक्ती-व्यक्तींमधील वक्तृत्वाचाच प्रकार असून त्यात दोन कथने एकमेकांसमोर येतात, अशी मांडणी केली. श्रोत्याच्या आसनावरून रुग्ण निवेदकाच्या आसनावर आला तो अशा लेखनातून. पुढे कोलंबिया विद्यापीठातील डॉक्टर रीटा शॅरन यांनी वैद्यकाचा व्यवसाय करीत असतानाच इंग्रजी साहित्यात १९९९ साली पीएच.डी. मिळवली आणि कथनाधिष्ठित वैद्यकाची कल्पना मांडली. २००५ साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या इंग्रजी विभागातील ज्यूडी सीगल यांनी बर्कच्या परिभाषेतून आरोग्यविषयक उक्तींचे वाचन केले. १९१४ साली ज्या घरातून बाहेर पडावे लागले, त्याच घरातील माणसे आता निराळ्या वाटेने त्याच रुग्णाकडे येऊन पोहोचली होती.

या परतीविषयी एक शंका मात्र मनात ठेवावी लागते. कथा ऐकावी हे योग्यच, परंतु प्रत्येक आजाऱ्यापाशी आदि-मध्य-अंत असलेली कथा असतेच असे नाही. कित्येकांपाशी केवळ काही शब्द असतात. इलेन स्कॅरी यांनी १९८५ साली दाखवले तसे, वेदना भाषेलाच मोडते. त्यांनी दाखला घेतला होता रोनल्ड मेल्झॅक यांच्या १९७५ सालच्या प्रश्नावलीचा. मॅक्गिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी ही प्रश्नावली म्हणजे वेदनावाचक ७८ इंग्रजी विशेषणांची वीस गटांत, चढत्या तीव्रतेने लावलेली मांडणी. मापनासाठी केलेले हे काम, पण ते मुळात कोशकाराचे आणि शैलीमीमांसकाचे आहे.

भारतीय परंपरेशी तुलना करण्याचा मोह येथे आवरत नाही, आणि तो आवरावा असेही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण. रोग्याचे गुण असे: स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. निर्देशकारित्व म्हणजे सांगितलेले पाळणे. सॅकेट-हेन्स यांची संज्ञा हीच. पण तिच्याच पंक्तीला ज्ञापकत्व, म्हणजे आपला विकार दुसऱ्याला कळवण्याचे सामर्थ्य, आणि त्यासाठी लागणारी स्मृती हे गुणही बसले आहेत. अमेरिकन संशोधनाला जी दोन टोके वाटली, ती येथे एकाच सूत्रात आहेत. त्याच संहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, वैद्यांनी आपसांत करावयाच्या संभाषेचे संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा असे दोन प्रकार व वादमार्गाची ४४ पदे येतात. भारतीय वादविद्येची ही एक अत्यंत जुनी मांडणी वैद्यकग्रंथात सापडावी याला सुरेंद्रनाथ दासगुप्तांनी फार महत्त्व दिले होते. तरीही एक भेद विसरू नये. संभाषेचा सगळा विस्तार वैद्य आणि वैद्य यांच्यासाठी आहे; रोग्याच्या वाट्याला ज्ञापकत्व हा एकच शब्द आला, आणि त्याचा विस्तार कोणी केला नाही.

आपल्या विद्यापीठांत संज्ञापनाचे विभाग मुख्यतः वृत्तपत्रविद्येच्या पोटी जन्मले. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ची. त्यामुळे वक्तृत्वमीमांसा तेथे मुळातच नव्हती आणि रुग्णसंवादही नव्हता. तो आला वैद्यकीय अभ्यासक्रमातून. २०१९च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना वृत्ती, नीती आणि संज्ञापन यांचा अभ्यासघटक लागू झाला. त्यात साहित्याच्या किंवा भाषेच्या अभ्यासकाने करण्याजोगे काम कोणते, हा प्रश्न तौलनिक साहित्याचा आहे, कारण भारतीय दवाखान्यातील संवाद हा बहुधा अनुवादही असतो. रुग्ण मराठीत बोलतो आणि केसपेपरवर इंग्रजी उतरते.

मराठी माणूस डॉक्टरांना सहसा काही 'सांगायला' जात नाही. तो 'दाखवायला' जातो. 'डॉक्टरांना दाखवून आलो' हा प्रयोग ज्ञापकत्वाची जबाबदारी जणू शरीरावर सोपवून मोकळा होतो. 'त्यांच्या हाताला गुण आहे' ही उक्ती तर एथोसवरील एक संपूर्ण टिपण आहे: विश्वास येथे डॉक्टरच्या बोलण्यावर नसून हातावर आहे. पण दाखवणारा हा रुग्ण मुका नसतो. कळ येते, चमक भरते, उसण भरते, सणक जाते, ठणका लागतो, चुणचुणते, कालवते, अंगात कसर असते, जीव घाबरा होतो. यांतील कळ क्षणाची आणि ठणका रात्रभराचा, हे मराठी ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. उसण बहुधा पाठीकमरेतच भरते आणि कालवते ते पोटात. काल, स्थान आणि तीव्रता या तिन्हींची माहिती एकेका क्रियापदात आहे, आणि मेल्झॅकच्या विशेषणप्रधान मांडणीत ती बसवायची तर क्रियापदे मोडावी लागतील. केसपेपरवर या सर्वांसाठी बहुतेक वेळा 'पेन' हा एकच शब्द लिहिला जातो, आणि त्यापुढे दिवसांची संख्या.